वरच्या खुर्च्यांना नियमातून सूट : नगरप्रशासनातील भरतीचा प्रश्न

नगरपालिकेतील सत्तेचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा निवडणुकीपाशीच थांबते. कोणता वॉर्ड राखीव झाला, नगराध्यक्षपदाची सोडत कोणत्या प्रवर्गाला निघाली, आपला माणूस किती मतांनी आला किंवा पडला, याची चर्चा चहाच्या टपरीपासून बुद्धविहारापर्यंत होते. ती व्हायलाच हवी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या सभागृहांत अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. ज्या कचेरीच्या पायरीशी आपले आईबाप हात जोडून उभे राहत, त्या कचेरीत आपली माणसे खुर्चीवर बसली. परंतु त्याच कचेरीत आणखी एक खुर्ची असते. तिच्यासाठी मतदान होत नाही. नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत ती मुख्याधिकाऱ्याची असते, महानगरपालिकेत आयुक्ताची, अतिरिक्त आयुक्ताची, शहर अभियंत्याची. ठराव सभागृह करते. तो अमलात येतो तो या खुर्चीच्या सहीने. बांधकामाचा परवाना, कराची आकारणी, निविदा, कर्मचाऱ्यांवरील कारवाई, दलित वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या गल्लीत खर्च व्हायचा याची फाईल, हे सारे तिच्याच टेबलावरून जाते.

ठराव आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ पर्यंत थांबावे लागले, आणि तेही बाबासाहेबांच्या मागून हजारोंनी चालत जाऊन. कागदावरचा हक्क आणि त्याची अंमलबजावणी करणारा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून त्या हाताची नेमणूक कोणत्या नियमाने होते हा प्रश्न केवळ प्रशासनशास्त्राचा नाही, तो आपला आहे.

मी पाटोद्याला शिकवतो. बालाघाटच्या रांगेतला हा दुष्काळी तालुका. दसरा-दिवाळीनंतर निम्मी गावे ऊसतोडीला जातात. माझे आईवडील कोयत्यावर जात. टोळीत कोणाला घ्यायचे, कोणाला किती उचल द्यायची, कोणाला यंदा वगळायचे, हे मुकादम ठरवी. त्याला जाहिरात नव्हती, अट नव्हती, अपील नव्हते. मुकादम वाईटच असे असे नाही. पण चांगला मुकादम मिळणे हे नशीब होते, हक्क नव्हता. भरतीचा नियम म्हणजे काय हे मला पुस्तकाने नंतर सांगितले. नियम नसणे म्हणजे काय हे मी आधी घरात पाहिले होते. आज माझ्या वर्गातली मुले 'एमपीएससी'ची तयारी करतात, तेव्हा ती केवळ नोकरी शोधत नसतात. चेहरा, आडनाव आणि ओळख न विचारणाऱ्या एका दरवाजाचा ती शोध घेत असतात.

हा दरवाजा आपोआप उभा राहिलेला नाही. १९०२ च्या २६ जुलैला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. पुढे संविधानाच्या १६ (४) या अनुच्छेदाने राज्याला हा अधिकार दिला आणि ३१५ व्या अनुच्छेदाने लोकसेवा आयोग निर्माण झाले. आयोगाचा सल्ला कोणत्या बाबतींत घेतलाच पाहिजे हे ३२० वा अनुच्छेद सांगतो. त्यातच एक परंतुक आहे. काही पदांबाबत आयोगाला विचारण्याची गरज नाही, असे राष्ट्रपती वा राज्यपाल विनियमाने ठरवू शकतात. पण घटनाकारांनी ही सूट मोकळी सोडली नाही. असे विनियम विधिमंडळापुढे किमान १४ दिवस ठेवलेच पाहिजेत, असे त्याच अनुच्छेदाचे पाचवे कलम म्हणते. म्हणजे सूट देण्याचेही उत्तर सभागृहात द्यावे लागावे, हा त्यामागचा हेतू आहे. ३२१ व्या अनुच्छेदाने तर स्थानिक संस्थांच्या नोकरभरतीचे काम कायदा करून आयोगाकडे देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. नगरपालिका आयोगाच्या कक्षेत येऊच शकत नाहीत, असे कोणी सांगत असेल तर त्याला हा अनुच्छेद दाखवावा. आज महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांची सरळसेवेची पदे आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून भरली जातात. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार या पदांच्या यादीतच हे पद असते.

आता मुद्द्याची गोष्ट. आरक्षण हे हवेत नसते. ते भरतीच्या नियमाला बांधलेले असते. पद मंजूर असले पाहिजे, ते एखाद्या संवर्गात असले पाहिजे, त्या संवर्गाची बिंदुनामावली असली पाहिजे. बिंदुनामावली म्हणजे कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरवून ठेवलेली नोंदवही. ही साखळी जिथे तुटते तिथे आरक्षण कोणी रद्द न करताच संपते. मोर्चा काढायला आदेशही सापडत नाही.

महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा २००४ पासून अमलात आला. त्याने अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के, विमुक्त व भटक्या जमातींना मिळून ११ टक्के, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के, असे एकूण ५२ टक्के आरक्षण दिले. स्थानिक संस्थांनाही तो लागू आहे. कार्यकर्त्यांना हे आकडे पाठ असतात. पण त्याच कायद्यात चार अपवाद आहेत, ते फार थोड्यांनी वाचलेले असतात. वैद्यकीय, तांत्रिक व शैक्षणिक क्षेत्रातील अतिविशेषीकृत पदे. बदलीने किंवा प्रतिनियुक्तीने भरायची पदे. ४५ दिवसांहून कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका. आणि संवर्गात एकटेच असलेले, म्हणजे एकाकी पद. या चार ठिकाणी आरक्षण लागू नाही.

हे चार अपवाद वाचून क्षणभर थांबावे आणि एखाद्या महानगरपालिकेच्या वरच्या मजल्याकडे पाहावे. शिपाई, लिपिक, कनिष्ठ अभियंता ही पदे शेकड्यांनी असतात. तिथे एकाकी पदाचा अपवाद लागू होत नाही. पण आरोग्य अधिकारी एक, मुख्य लेखापाल एक, शहर अभियंता एक, नगर सचिव एक. जितके वर जावे तितकी पदे एकाकी होत जातात. अपवाद शब्दांत सर्वांना सारखे आहेत. त्यांचा परिणाम मात्र वरच्या मजल्यावर होतो.

एकाकी पदाचा तर्क अगदीच निराधार नाही. एकच पद असेल आणि ते राखीव ठेवले तर ते १०० टक्के आरक्षण होते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात म्हटले. हा निर्णय आपण मान्य करू वा न करू, त्याचा रोख जे पद खरोखरच एकटे आहे त्याच्यावर होता. प्रश्न उद्भवतो तो जी पदे एकत्र मोजता येतात ती सुटी सुटी करून एकाकी ठरवली जातात तेव्हा. केंद्र सरकारात २०१८ पासून सहसचिवपदावर बाहेरच्या तज्ज्ञांना थेट घेण्याची पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये अशा ४५ पदांची जाहिरात निघाली. केंद्राच्या प्रमाणाने ही ४५ पदे एकत्र मोजली तर अनुसूचित जातींच्या वाट्याला ६, जमातींच्या ३ आणि इतर मागासवर्गाच्या १२ जागा येतात. प्रत्येक पद स्वतंत्र धरले की तिन्हींची बेरीज शून्य. देशभर ओरड झाली आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली. माणसे तीच, खुर्च्या त्याच, काम तेच. फक्त मोजण्याची रीत बदलली आणि २१ जागांच्या शून्य जागा झाल्या. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावे.

प्रतिनियुक्तीबाबत मात्र नीट विचार केला पाहिजे. आयुक्त म्हणून येणारा सनदी अधिकारी स्पर्धा परीक्षेतून आलेला असतो आणि त्या परीक्षेला आरक्षण असते. म्हणून प्रतिनियुक्ती म्हणजे सरसकट अन्याय असे म्हणणे बरोबर नाही. पण आरक्षण सेवेत प्रवेश मिळेपर्यंत चालते. सेवेतल्या कोणाला कोणत्या खुर्चीवर पाठवायचे, याची बिंदुनामावली नसते. मोठ्या शहराची खुर्ची कोणाला आणि कोपऱ्यातले महामंडळ कोणाला, हे मंत्रालयात ठरते. लहान गावांत याचेच धाकटे भावंड म्हणजे 'प्रभारी'. पद रिकामे, परीक्षा नाही, शेजारच्या गावच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार. आमच्या भागातल्या नगरपंचायतींना हा शब्द नवा नाही. पद रद्द झालेले नसते, राखीवपणही कागदावर जिवंत असते. फक्त त्यावर बसायला कोणी येत नाही.

अलीकडच्या काळात आणखी एक वाट निघाली. पद नियमातून बाहेर काढण्याऐवजी कामच नगरपालिकेतून बाहेर काढायचे. जून २०१५ मध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले. त्यात महाराष्ट्रातली आठ शहरे होती, मराठवाड्यातून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक शहरात या कामासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी स्थापन झाली. तिला संचालक मंडळ, मुख्य कार्यकारी अधिकारी, करारावरचे तज्ज्ञ, सल्लागार संस्था. पैसा सार्वजनिक, रस्ते सार्वजनिक, पण नेमणुका मुख्यतः करारावर. मार्च २०२५ मध्ये अभियानाची मुदत संपली. रीत मात्र रुळली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्याचा निर्णय काढला होता, त्याचीही जात हीच. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो निर्णय रद्द करावा लागला. ओरड केली तर सूट मागे घेतली जाते, हा दोन वर्षांतल्या दोन घटनांचा धडा आहे.

वरच्या मजल्याचे झाले. आता त्याच इमारतीच्या तळाशी उतरू. तिथेही एक सूट आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मरण पावला तर त्याच्या वारसाला त्याच्या जागी नेमले जाते; २०२३ मध्ये शासनाने याविषयीचे आदेश एकत्रित करून पुन्हा काढले. या तरतुदीने हजारो घरांची चूल पेटती ठेवली आहे आणि ठेकेदारीच्या लाटेत ती राखलीच पाहिजे. पण तिचा अर्थही डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार. तो पदवीधर झाला. त्याला झाडू परीक्षेशिवाय मिळत होता. त्याच कचेरीतली वरची खुर्ची मात्र परीक्षा देऊनही मिळेल याची खात्री नव्हती, कारण ती परीक्षेला येईल की नाही हेच ठाऊक नव्हते. एकाच इमारतीत दोन सुटी : खाली वारसाने, वर ओळखीने. मधल्या पायऱ्यांवर तेवढा नियम. जातिव्यवस्थेला याहून सोयीची रचना कोणती हवी?

आता विरोधी बाजू ऐकली पाहिजे. परीक्षा म्हणजे काही बुद्धवचन नव्हे. ती इंग्रजी जाणणाऱ्याला, पुण्यात खोली घेऊन दोन-चार वर्षे काढू शकणाऱ्याला झुकते माप देते. मुलाखतीच्या टेबलावर आडनाव ऐकू येतेच. पूरनियंत्रण, सांडपाणी, साथरोग यांचे तज्ज्ञ सामान्य ज्ञानाच्या परीक्षेतून सापडत नाहीत, हेही खरे. आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की नियमांचे कवच अधिकाऱ्याला जनतेपासून सुरक्षित करते.

या आक्षेपाचे बळ अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या उदाहरणावरून कळते. तेथे पोलीसप्रमुखाचे पद शहराच्या नागरी सेवेच्या नियमांत होते आणि त्याला काढणे जवळजवळ अशक्य होते. डॅरिल गेट्स १९७८ पासून त्या पदावर होते. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर मारले. ते चित्रीकरण जगाने पाहिले. शहराचे महापौर टॉम ब्रॅडली स्वतः कृष्णवर्णीय आणि एकेकाळचे पोलीस अधिकारी. त्यांनी गेट्स यांना राजीनामा द्यायला सांगितले. गेट्स यांनी नकार दिला आणि निवडून आलेला महापौर हतबल ठरला. चौकशी आयोगाच्या शिफारशीनंतर जून १९९२ मध्ये मतदारांनी शहराची सनद दुरुस्त केली. प्रमुखाचे नागरी सेवेचे कवच काढले, मुदत पाच वर्षांची आणि जास्तीत जास्त दोन वेळा, अशी केली. त्याच वर्षी विली विल्यम्स हे तेथील पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख झाले. म्हणजे येथे वरच्या पदाला नियमातून सूट मिळाली ती दलितांसारख्याच एका पीडित समाजाला दाद मिळावी म्हणून.

मग आपण सुटीच्या बाजूचे की विरोधी? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक भेद करावा लागतो. भरतीचे नियम दोन दरवाजे राखतात : आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा. लॉस एंजेलिसमध्ये मुख्यतः बाहेरचा दरवाजा सैल झाला, मुदत लिहून ठरली, आणि हा निर्णय मतदारांनी घेतला. आपल्याकडे 'तज्ज्ञ', 'कार्यक्षमता', 'लवचिकता' या शब्दांनी जी सूट येते ती आतला दरवाजा सैल करते. जाहिरात नको, बिंदुनामावली नको, आयोग नको. बाहेरच्या दरवाजाची किल्ली मात्र लोकांच्या हाती येत नाही.

ती किल्ली आपल्या कायद्यात नाहीच असे नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने आयुक्त नेमण्याचा अधिकार सरकारला दिला, पण एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी ठराव केला तर त्याला हटवलेच पाहिजे, असेही लिहिले. इतर महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातही ही तरतूद आहे. व्यवहारात काय होते? ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर मोठ्या बहुमताने अविश्वास ठराव केला. राज्य सरकारने तो मानला नाही आणि मुंढे मार्च २०१७ पर्यंत राहिले. ठराव योग्य होता की हितसंबंधांतून आलेला, यावर मतभेद होऊ शकतात, पण किल्ली कोठे आहे याबद्दल होऊ शकत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये औरंगाबादच्या आणि मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्यानंतरच्या वर्षांत पाच-अष्टमांश मोजायला सभागृहच नव्हते. राखीव वॉर्डही नव्हते. सारी सत्ता त्या एका खुर्चीत गोळा झाली होती, जिच्याकडे आपले लक्ष नसते.

म्हणून वरच्या पदाला सूट देण्याचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा घोषणा देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. सूट आत येण्याच्या नियमाला आहे की बाहेर जाण्याच्या? पद खरोखर एकाकी आहे की एकाकी केले गेले आहे? मुदत किती, आणि ती लिहिलेली आहे काय? ही सूट कोणत्या सभागृहापुढे ठेवली गेली? तज्ज्ञ हवा असेल तर जरूर घ्यावा. पण जाहिरात देऊन, आयोगासारख्या स्वतंत्र मंडळाकडून निवडून, समान पदे एकत्र मोजून आणि मुदत ठरवून. दलितांत तज्ज्ञ नाहीत, हा समज मनात धरूनच जो सूट मागतो, त्याला कार्यक्षमता नव्हे, मिरासदारी हवी असते.

याची सुरुवात मोठ्या शहरापासून करण्याची गरज नाही. प्रत्येक नगरपरिषदेला, नगरपंचायतीला पदांचा मंजूर आकृतिबंध असतो, सेवाप्रवेश नियम असतात. बिंदुनामावली तपासण्यासाठी विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात मागासवर्ग कक्ष असतो. बीड जिल्ह्यासाठी तो छत्रपती संभाजीनगरला आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर हे कागद मागता येतात. मंजूर पदे किती, रिक्त किती, प्रभारी किती, करारावर किती, एकाकी म्हणून वगळलेली किती, हे पाच आकडे आपल्या गावचे किती कार्यकर्ते सांगू शकतील? महाविद्यालयातल्या मुलांनी एका सत्रात एका तालुक्याचे हे काम केले तर ते कोणत्याही प्रकल्पवहीपेक्षा मोलाचे होईल, आणि परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला आपण ज्या दरवाजासमोर रांगेत उभे आहोत तो उघडा आहे की भिंतीवर नुसता रंगवलेला आहे, हेही कळेल.

राखीव वॉर्डाने आपल्याला ठराव मांडण्याचा हक्क दिला. त्या ठरावाखाली सही कोण करणार, हे ठरवणारा नियम राखणे हे आता पुढचे काम आहे.